कावळा कोकिळेचे पिल्लू का वाढवतो?

पारवा

कावळ्याच्या हुशारीबद्दल फारसे दुमत नसावे. त्याच्या कुळातले पक्षी माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, अन्न लपवून ठेवतात आणि लपवताना दुसरा कोणी पाहत तर नाही ना, याचीही खबरदारी घेतात. मग हाच पक्षी आपल्या घरट्यात कोकिळेने घातलेले अंडे निमूटपणे का उबवतो? अंड्याचे एक वेळ समजू शकते, कारण ते बरेचसे कावळ्याच्या अंड्यासारखे दिसते. पण त्यातून बाहेर आलेले पिल्लू परके आहे हे महिनाभर त्याच्या लक्षातच येऊ नये, हे मला पटत नाही.

मी ठाण्यात राहतो. आमच्या खिडकीसमोरच्या गुलमोहरावर यंदा कावळ्याच्या घरट्यात दोन पिल्ले कावळ्याची आणि एक कोकिळेचे होते. कोकिळेचे पिल्लू अंगाने लहान, पण त्याला पिसे आधी फुटली होती. मोठा कावळा फांदीवर उतरला की तिन्ही चोची एकदम उघडत आणि कोकिळेचे पिल्लू बाकी दोघांच्या पाठीवरून मान पुढे काढून पहिला घास मिळवत असे. पुढे ते घरट्याबाहेर पडले, तरी कावळा केबलच्या तारेवर त्याच्या शेजारी बसून त्याला भरवतच होता.

दुसऱ्याचे पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याची स्वतःची संतती कमी होणार. म्हणजे पिढ्यानपिढ्या असे पक्षी घटत जाऊन परके पिल्लू ओळखणारेच कावळे उरायला हवे होते. तसे का झाले नाही? ज्यांनी यावर वाचले आहे किंवा प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तांबट

कावळा कोकिळाला ओळखत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मोठा कोकीळ नजरेला पडताच कावळे त्याच्या मागे लागतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे.

मृण्मयी

तांबट यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ही चढाओढ एकाच आघाडीवर चालत नाही. पहिली आघाडी मोठ्या पक्ष्याची, दुसरी अंड्याची, तिसरी पिल्लाची. कावळा पहिल्या आघाडीवर अत्यंत सावध असतो. त्यामुळेच कोकिळेला घरट्यात शिरायला फार थोडा वेळ मिळतो, आणि काळा नर समोर येऊन कावळ्यांना मागे लावून घेतो तेवढ्यात तपकिरी, ठिपकेदार मादी अंडे घालून जाते, असे अनेक निरीक्षकांनी नोंदवले आहे.

दुसऱ्या आघाडीवर कोकिळेने बरीच तयारी केलेली दिसते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असते, पण फिकट हिरवट-निळसर कवचावर तपकिरी ठिपके हा नमुना तोच असतो. कावळ्याने पहिले अंडे घातल्यानंतर एक-दोन दिवसांत ती आपले अंडे घालते, आणि तिचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या दोन-तीन दिवस आधी बाहेर येते. पारवा यांनी पाहिलेल्या पिल्लाला पिसे आधी फुटली होती, त्याचे एक कारण हे आहे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केलेली बरी. यजमानाची, म्हणजे ज्याच्या घरट्यात परके अंडे घातले जाते त्या पक्ष्याची, अंडी ढकलून देणारे पिल्लू असे आपण वाचतो, ते कोकिळेच्याच कुळातल्या युरोपातील कुक्कूचे वर्णन असते. आपल्याकडच्या कोकिळेचे पिल्लू साधारणपणे असे करत नाही. ते कावळ्याच्या पिल्लांसोबतच वाढते. ऑस्ट्रेलियातील कोकिळेचे पिल्लू मात्र यजमानाची अंडी-पिल्ले बाहेर फेकते. एकाच गोतावळ्यात दोन निराळ्या रीती आहेत, आणि या धाग्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला या फरकात दिसते.

शमा

हे वाचून कावळ्याची कीव येते. आपण त्याला अशुभ मानतो, दगड मारतो, आणि ज्या कोकिळेच्या आवाजाचे कौतुक करतो तिची मुले तोच वाढवतो. कोकिळा स्वतः काहीच कष्ट करत नाही, हे अन्यायाचे वाटते.

निरंजन

शमाताई, आपली भावना मी समजू शकतो, पण कष्ट करत नाही हे खरे नाही. घरटे न बांधणाऱ्या मादीला इतर पक्ष्यांची घरटी शोधत फिरावे लागते, कोणत्या घरट्यात अंडी घालायला नुकतीच सुरुवात झाली आहे याचा माग ठेवावा लागतो आणि ऐन वेळी तेथे पोहोचावे लागते. इंग्लंडमध्ये एडगर चान्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला वूस्टरशायरमधील एका माळावर कुक्कूच्या एकाच मादीवर काही वर्षे पाळत ठेवली होती. १९२२ च्या हंगामात त्या मादीने २५ अंडी घातली आणि तीही मेडो पिपिट या लहानशा पक्ष्याच्या घरट्यांमध्ये. इतकी घरटी हेरून ठेवणे हे मोठेच काम आहे.

शिवाय न्याय-अन्यायाच्या भाषेत बोलू लागलो की पुढचा विचार खुंटतो. कोकिळेने हे ठरवून केलेले नाही आणि कावळ्यानेही औदार्य दाखवलेले नाही. ज्या पिढीत जे वागणे अधिक पिल्ले मागे ठेवते ते पुढच्या पिढीत वाढते, एवढाच हा व्यवहार आहे.

तांबट

भारद्वाज हाही कोकिळेच्याच कुळातला आहे, आणि तो स्वतःचे घरटे बांधून पिल्ले स्वतः वाढवतो. म्हणजे ही रीत सगळ्या कुळाची नाही.

मृण्मयी

बरोबर. जगातील सुमारे १०० जातींचे पक्षी, म्हणजे एकूण पक्षिजातींच्या साधारण एक टक्का, केवळ दुसऱ्यांच्या घरट्यांवर अवलंबून असतात. पक्ष्यांच्या इतिहासात ही रीत स्वतंत्रपणे सात वेळा उद्भवली असे मानले जाते, त्यांपैकी तीन वेळा कोकिळेच्या कुळात. दक्षिण अमेरिकेतील काळ्या डोक्याचे बदकही दुसऱ्यांच्याच घरट्यात अंडी घालते, पण त्याचे पिल्लू बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांत स्वतःच्या पायांवर निघून जाते. यजमानाला उबवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

केंब्रिजकर

मी केंब्रिजजवळ राहते. येथून थोड्या अंतरावर विकन फेन नावाची जुनी पाणथळ जागा आहे. या विषयातील अनेक मूलभूत प्रयोग निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी १९८० च्या दशकात तेथे केले. तेथील यजमान आहे रीड वॉर्बलर, आपल्या बोरूतल्या वटवट्यांचा भाऊबंद. वजन जेमतेम बारा ग्रॅम. तो पाण्यावर उभ्या असलेल्या बोरूच्या तीन-चार काड्यांना धरून खोलगट वाटीसारखे घरटे विणतो. कुक्कूचे वजन त्याच्या आठ-नऊ पट असते.

कुक्कूची मादी जवळच्या झाडावर तासन्‌तास निश्चल बसून राहते. दुपार उलटल्यावर ती एकदम घरट्यावर उतरते, यजमानाचे एक अंडे चोचीत उचलते, त्या जागी आपले अंडे घालते आणि उडून जाते. या सगळ्याला साधारण दहा सेकंद लागतात. जाताना ती जो खळखळ आवाज काढते तो शिकारी स्पॅरोहॉकच्या आवाजासारखा असतो. तो ऐकून वॉर्बलरचे लक्ष घरट्यातल्या अंड्यांवरून उडून स्वतःच्या जिवाकडे जाते, हे २०१७ मध्ये जेनी यॉर्क आणि डेव्हिस यांनी प्रयोगाने दाखवले.

मूळ प्रयोग मला फार सुंदर वाटतो. संशोधकांनी निरनिराळ्या रंगांची खोटी अंडी बनवून घरट्यांत ठेवली. रीड वॉर्बलरने स्वतःच्या अंड्यांशी न जुळणारी अंडी बऱ्याचदा टाकून दिली आणि जुळणारी ठेवून घेतली. डनॉक या दुसऱ्या यजमानाने मात्र काहीही स्वीकारले. आता निसर्गात काय आहे ते पाहा. रीड वॉर्बलरच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या कुक्कूची अंडी त्याच्या अंड्यांसारखी हिरवट, ठिपक्यांची असतात. डनॉकची अंडी स्वच्छ निळी असतात, आणि त्याच्या घरट्यात घातलेले कुक्कूचे अंडे मात्र करड्या रंगाचे, ठिपकेदार, लांबूनही वेगळे दिसेल असे असते. जेथे यजमान चोखंदळ आहे तेथेच नक्कल चोख झाली आहे. यजमानाची नजर हीच नकलेला घडवणारी शक्ती आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मागायची गरज नाही.

आडवाट

आमच्या भागात, म्हणजे नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, कावळ्या-कोकिळेपेक्षा सातभाई आणि पावशा यांचे प्रकरण अधिक पाहायला मिळते. पेरणीच्या आधी ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा सगळ्यांना आवाजाने ठाऊक असतो, पण दिसतो तेव्हा पुष्कळदा त्याला शिक्रा समजले जाते. पाठीचा राखाडी रंग, छातीवरच्या आडव्या रेघा, शेपटीवरचे पट्टे, इतकेच काय, चार फडफडी आणि मग तरंगत जाण्याची पद्धतही शिक्र्याचीच. तो बाभळीवर उतरला की आसपासचे लहान पक्षी कलकलाट करतात.

एका पावसाळ्यात बांधावरच्या बोरीखाली सातभाईंच्या थव्यात मी पावशाचे मोठे झालेले पिल्लू पाहिले. सातभाई मातीचा रंग ल्यालेले, जमिनीवर उड्या मारत पालापाचोळा उलथवणारे. हे पिल्लू मात्र खालच्या फांदीला चिकटून बसलेले, पोटावर गडद तुटक रेघा, आणि अखंड किरकिर. थव्यातला एक सातभाई चोचीत अळी घेऊन आला, भरवून गेला, तो जाईपर्यंत दुसरा टोळ घेऊन हजर. तो टोळ मोठा होता, पिल्लाच्या घशात आडवा अडकला, तर सातभाईने तो बाहेर ओढून काढला, फांदीवर आपटून त्याचे पाय तोडले आणि पुन्हा भरवला. तेथे दोन आईबाप नसून सारा थवा राबतो, त्यामुळे परक्या पिल्लाला भरवणाऱ्या चोचीही जास्त असतात.

चातकाचेही तेच यजमान. पावशा आणि चातक या दोघांची अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखीच निळीशार असतात. केंब्रिजकर ताईंनी लिहिलेला डनॉकचा मासला वाचून मला हा फरक जाणवला. अंडी तिकडेही निळी आणि इकडेही निळी, पण नक्कल फक्त इकडे झालेली आहे. म्हणजे सातभाईंच्या पूर्वजांनी कधीतरी न जुळणारी अंडी टाकून दिली असली पाहिजेत, असा माझा अंदाज आहे.

निरंजन

आडवाट, आपला तर्क योग्य दिशेने आहे, मात्र एक पर्याय लक्षात ठेवावा. एकाच घरट्यात दोन पावशा किंवा चातक अंडी घालत असतील, तर नंतर आलेली मादी आधीचे वेगळे दिसणारे अंडे नष्ट करू शकते. आफ्रिकेतील हनीगाइड या दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत असे दिसून आले आहे. तेव्हा नक्कल घडवणारी नजर दर वेळी यजमानाचीच असेल असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यजमान परके अंडे का टाकत नाही, याची दोन उत्तरे अभ्यासक देतात. एक, अजून पुरेसा काळ गेलेला नाही. ओळखण्याची क्षमता निर्माण व्हायची आहे. दोन, ओळखण्याला आणि टाकण्यालाही किंमत असते, आणि ती किंमत फायद्याहून मोठी असेल तर सोसणेच परवडते.

दुसरे उत्तर आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. कावळ्याची १०० घरटी आहेत आणि त्यांपैकी ५ घरट्यांत कोकिळेचे अंडे आहे असे धरा. परके अंडे टाकले तर प्रत्येकी एक पिल्लू वाचते, म्हणजे एकूण लाभ ५ पिल्लांचा. पण अंड्याअंड्यांतला फरक सूक्ष्म असल्यामुळे संशयी कावळा उरलेल्या ९५ घरट्यांपैकी दर दहांत एका घरट्यात चुकून स्वतःचेच अंडे टाकतो असे माना. तोटा झाला साडेनऊ अंड्यांचा. अशा परिस्थितीत संशयी कावळ्यापेक्षा भोळा कावळा अधिक पिल्ले मागे ठेवील. हेच प्रमाण १०० पैकी ३० घरट्यांवर गेले, तर लाभ ३० आणि तोटा ७, म्हणजे संशय घेणारा जिंकेल.

यात मृण्मयी यांनी सांगितलेला फरक निर्णायक ठरतो. कुक्कूच्या यजमानाची सगळी पिल्ले जातात. कावळ्याचे एखाद-दुसरे पिल्लू उपाशी राहते किंवा एखादे अंडे जाते, पण बाकीची जगतात. ज्याचे नुकसान कमी, त्याच्यावरचा दबावही कमी.

गोदाकाठ

निरंजन यांनी पहिले उत्तर फार लवकर बाजूला ठेवले असे मला वाटते. काळ हा घटक नाकारता येत नाही. जपानमध्ये निळ्या पंखांच्या मॅगपाय या कावळ्याच्या कुळातील पक्ष्याच्या घरट्यांत कुक्कूने अंडी घालायला सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सुरुवातीला मॅगपाय पूर्ण गाफील होते, पण काही दशकांतच अंडी टाकणाऱ्यांचे प्रमाण वाढले, आणि जेथे संबंध जुना तेथे ते अधिक आढळले. म्हणजे नवख्या यजमानाला खरोखरच वेळ लागतो.

निरंजन

गोदाकाठ, आपले उदाहरण अचूक आहे, पण ते माझ्याच बाजूने बोलते. काही दशकांत जर बदल दिसू लागतो, तर कावळ्याला कमी वेळ मिळाला असे कसे म्हणावे? कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो हे प्राचीन संस्कृत कवींना ठाऊक होते. हे नाते काही हजार वर्षांचे तर नक्कीच आहे, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जुने असणार.

गोदाकाठ

काळ पुरेसा मिळाला हे मान्य. पण कावळ्यांची आजची दाट वस्ती माणसाच्या वस्तीबरोबर वाढलेली आहे. कावळे फार आणि कोकिळा तुलनेने कमी, असे झाले की दर शंभर घरट्यांमागचे प्रमाण खाली येते आणि आपण मांडलेला हिशेबच बदलतो. तेव्हा ‘पुरेसा काळ’ मोजताना परिस्थिती स्थिर होती असे गृहीत धरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

केंब्रिजकर

प्रमाण खाली आले की काय होते याचा पुरावा विकन फेनमध्येच मिळालेला आहे. इंग्लंडमध्ये कुक्कूंची संख्या गेल्या काही दशकांत खूप घटली. १९८५ मध्ये तेथील २४ टक्के रीड वॉर्बलर घरट्यांत कुक्कूचे अंडे सापडत असे, २०१२ मध्ये हे प्रमाण १ टक्क्यावर आले. याच काळात कुक्कूवर तुटून पडणाऱ्या वॉर्बलर जोड्यांचे प्रमाण ९० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आणि न जुळणारे अंडे टाकणाऱ्यांचे ६१ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर उतरले. रोझ थॉरोगुड आणि निक डेव्हिस यांनी २०१३ मध्ये हे प्रसिद्ध केले. इतर शत्रूंविषयीची त्यांची सावधगिरी मात्र कमी झाली नव्हती. धोका किती आहे याचा अदमास घेऊन पक्षी आपली सावधगिरी बदलतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. निरंजन यांचा हिशेब हे पक्षी जणू स्वतःच करत असतात.

पारवा

चर्चा फार उत्तम चालली आहे, सर्वांचे आभार. अंड्याचा हिशेब मला पटला, कारण अंड्यांत फरक थोडा आणि चुकण्याची शक्यता मोठी. पण पिल्लाचे काय? तेथे फरक डोळ्यांना सहज दिसतो. चुकण्याची भीती कमी असताना कावळा पिल्लू का नाकारत नाही?

मृण्मयी

या प्रश्नाचे एक अत्यंत मार्मिक उत्तर इस्रायलचे अर्नॉन लोटेम यांनी १९९३ मध्ये दिले. पक्षी आपली अंडी कशी असतात हे पहिल्या विणीत पाहून शिकतो असे समजा. त्या वेळी कुक्कूचे अंडे घरट्यात असले तरी सोबत स्वतःची अंडीही असतात, त्यामुळे निदान स्वतःची अंडी तरी तो शिकतो. पिल्लांचे तसे नाही. कुक्कूचे पिल्लू डोळे उघडण्याआधीच पाठीवरच्या खोलगट जागेत एकेक अंडे घेऊन कडेवर चढते आणि बाहेर लोटते. हे वर्णन एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. देवीच्या लसीमुळे जगाला ठाऊक असलेले तेच जेन्नर. आता पहिल्याच विणीत अशा यजमानाच्या समोर उरते फक्त कुक्कूचे पिल्लू. तो त्यालाच आपले म्हणून शिकला, तर पुढे आयुष्यभर स्वतःची खरी पिल्ले नाकारील. अशा पक्ष्याने पिल्ले ओळखायला न शिकणेच हिताचे.

रानजाई

मृण्मयीताई, लोटेम यांचा युक्तिवाद कुक्कूला चपखल लागू पडतो, पण कावळ्याला लागू करण्यास माझा आक्षेप आहे. कावळ्याच्या घरट्यात स्वतःची पिल्लेही असतात. पहिल्या विणीतच दोन्ही प्रकारची पिल्ले शेजारी शेजारी दिसत असतील, तर तुलना करून शिकायला अडचण ती कोणती? उलट येथे ओळख सर्वांत सोपी असायला हवी.

शिवाय पिल्लू नाकारणे अशक्य नाही हे ऑस्ट्रेलियात सिद्ध झाले आहे. नाओमी लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की सुपर्ब फेअरीरेन ही चिमणीहून लहान पक्षीण हॉर्सफील्ड ब्रॉन्झ कुक्कूच्या सुमारे ४० टक्के पिल्लांना घरट्यात तसेच टाकून निघून जाते, आणि शायनिंग ब्रॉन्झ कुक्कूच्या पिल्लांना तर सर्वच वेळा. पुढे असेही आढळले की ही पक्षीण अंडी उबवत असताना एक विशिष्ट स्वर पुन:पुन्हा काढते, आणि तिची पिल्ले अंड्यातून आल्यावर अन्न मागताना तोच स्वर वापरतात. परक्या पिल्लाला तो स्वर नीट जमत नाही.

मृण्मयी

रानजाई, आपला आक्षेप मी स्वीकारते, लोटेम यांचे उत्तर कावळ्यापर्यंत पोहोचत नाही. पण फेअरीरेनच्या उदाहरणात लँगमोर यांच्या निरीक्षणाचा दुसरा भाग लक्षात घ्या. ती घरटे सोडते ते कुक्कूच्या पिल्लाने तिची सर्व पिल्ले बाहेर फेकल्यानंतर. तेव्हा सोडून जाण्यात तिचे काहीच जात नाही, उलट त्याच हंगामात नवे घरटे घालण्याची संधी मिळते. कावळ्याने घरटे सोडायचे ठरवले तर स्वतःची जिवंत पिल्लेही मरतील. त्याच्यापुढे पर्याय एकच राहतो, घरट्यातून नेमके एक पिल्लू उचलून फेकणे. आणि चुकून आपलेच पिल्लू फेकले गेले, तर अंडे फेकण्याहून कितीतरी मोठा तोटा, कारण त्यावर आठवड्यांचे अन्न खर्च झालेले असते.

कोकिळेच्या नुकत्याच उडू लागलेल्या पिल्लांचा रंगही काळपट असतो, प्रौढ मादीसारखा ठसठशीत ठिपकेदार नसतो. कावळ्यांच्या मध्ये बसल्यावर तो रंग फार उठून दिसत नाही.

शमा

अंडे टाकल्यास कोकीळ सूड घेतो आणि घरटे मोडतो, असे मी एके ठिकाणी वाचले होते. त्यात काही तथ्य आहे का? तसे असेल तर कावळा भीतीपोटी गप्प बसत असेल.

निरंजन

ही कल्पना अमोत्झ झहावी यांनी १९७९ मध्ये मांडली. तिला आधार देणारी दोन महत्त्वाची कामे आहेत. स्पेनमध्ये मोठ्या ठिपकेदार कुक्कूच्या संदर्भात १९९५ मध्ये असे आढळले की ज्या मॅगपायनी कुक्कूचे अंडे टाकले, त्यांची घरटी अधिक प्रमाणात उद्ध्वस्त झाली. दुसरे काम अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले. तेथे जेफ्री हूव्हर आणि स्कॉट रॉबिन्सन यांनी तिकडच्या एका लहान वॉर्बलरच्या घरट्यांतून काउबर्ड या दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्याची अंडी स्वतः काढून टाकली. काउबर्डला पुन्हा पोहोचता येत होते अशा घरट्यांपैकी ५६ टक्के उद्ध्वस्त झाली, अंडे राहू दिलेल्या घरट्यांपैकी फक्त ६ टक्के. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

रानजाई

मी ही उपपत्ती कावळ्याला लावणार नाही. वॉर्बलर हा काउबर्डपेक्षा लहान आणि दुबळा आहे. कावळा कोकिळेपेक्षा बलवान आहे, तो थव्याने घरट्याचे रक्षण करतो, आणि तांबट यांनी लिहिले तसे कोकिळाच्या मागे लागतो, त्यामुळे त्याच्या घरट्याजवळ फिरकणेही धोक्याचे असते. धमकी देणारा दुबळा असेल तर धमकी टिकत नाही.

गोदाकाठ

स्पेनमधलेच आणखी एक काम येथे नमूद करावेसे वाटते, कारण त्यात यजमान कावळ्याच्याच जातकुळीचा आहे. डॅनिएला कानेस्त्रारी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उत्तर स्पेनमधील कॅरियन क्रो या कावळ्याच्या घरट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या ठिपकेदार कुक्कूचे पिल्लू तेथेही कावळ्याच्या पिल्लांना बाहेर फेकत नाही. ज्या घरट्यांत ते पिल्लू होते, त्या घरट्यांतून निदान एक तरी कावळा उडण्याची शक्यता अधिक आढळली. कारण असे की धोका जाणवताच हे पिल्लू अत्यंत दुर्गंधी स्राव सोडते आणि मांजरासारखे शिकारी त्यापासून दूर राहतात. जेथे शिकारी फार असतात त्या हंगामात कावळ्याला परके पिल्लू चक्क फायद्याचे ठरते, जेथे शिकारी कमी तेथे तोट्याचे.

कोकिळेच्या पिल्लालाही हेच लागू आहे असे मी म्हणत नाही. पण परक्या पिल्लाचा तोटा ठरलेला आणि कायमचा असतो, हे गृहीतक आपण सोडून द्यायला हवे.

आडवाट

कोणी आफ्रिकेचा उल्लेख केला होता. तेथे ही चढाओढ फार तीव्र असल्याचे ऐकले आहे, त्याविषयी लिहावे.

रानजाई

झांबियातील चोमा परिसरात क्लेअर स्पॉटिसवुड यांनी दीर्घकाळ काम केले आहे. तेथे प्रिनिया, म्हणजे आपल्या गवतातल्या वटवट्याचा जवळचा नातलग, हा कुक्कू फिंच या पक्ष्याचा यजमान आहे. प्रिनियाच्या प्रत्येक मादीच्या अंड्यांचा रंग आणि नक्षी वेगळी असते. कोणाची निळसर, कोणाची लालसर, कोणाची पांढरी, कोणाची ऑलिव्ह हिरवी, आणि त्यावर कोणाच्या बारीक रेघोट्या, कोणाचे जाड डाग. एका मादीची सर्व अंडी मात्र एकसारखी. बँकेतल्या सहीसारखी ही व्यवस्था आहे, प्रत्येक मादीची सही निराळी आणि दर वेळी तीच. कुक्कू फिंचच्या अंड्यांतही असेच वैविध्य निर्माण झाले, पण कोणत्या घरट्यात कोणती सही आहे हे पाहून ती अंडे घालत नाही, त्यामुळे तिची बरीच अंडी जुळत नाहीत आणि टाकली जातात.

हनीगाइडचे प्रकरण याहून कठोर आहे. त्याच्या पिल्लाला जन्मतःच चोचीच्या टोकाला अणकुचीदार आकडे असतात. बी-ईटरच्या, म्हणजे वेड्या राघूच्या जातभाईच्या, बिळातल्या अंधारात ते आंधळे पिल्लू यजमानाची पिल्ले जन्मताच चावून मारते. काही दिवसांनी ते आकडे झडतात.

केंब्रिजकर

सहीच्या मुद्द्याला जोडून सांगते. आफ्रिकेतील सुगरणीची एक जात, व्हिलेज वीव्हर, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटावर नेली गेली, आणि १८८६ मध्ये मॉरिशसला. दोन्ही बेटांवर तिला छळणारा कुक्कू नव्हता. डेव्हिड लाहटी यांनी २००५ मध्ये दाखवले की तेथे एकाच मादीच्या अंड्यांतला सारखेपणा कमी झाला आणि माद्यामाद्यांतले वेगळेपणही घटले. शत्रू हटला की सहीही ढिली होते.

पारवा

माझ्या मूळ प्रश्नाविषयी आता मला असे वाटते की तो प्रश्न एका घरट्याकडे पाहून सुटणारा नाही. कावळा पहिल्याच आघाडीवर सर्वाधिक खर्च करतो, मोठ्या कोकिळाला हुसकावून लावतो, आणि त्यातून निसटलेल्या थोड्या अंड्यांचा तोटा सोसतो, कारण घरट्यातली त्याची स्वतःची काही पिल्ले तरीही जगतात. निरंजन आणि मृण्मयी, आपल्या म्हणण्याचा हा अर्थ मी बरोबर लावला आहे का?

निरंजन

होय. त्यात एवढीच भर घालतो की पहिली आघाडी भक्कम असली की दुसऱ्या आघाडीवरचा दबाव आपोआप कमी होतो. घरट्याचे रक्षण जितके यशस्वी, तितकी परकी अंडी कमी, आणि परकी अंडी जितकी कमी, तितके संशयी कावळे तोट्यात.

मृण्मयी

एक पुस्ती. कोकिळा केवळ कावळ्यावर अवलंबून नाही. बांगलादेशात साळुंकी आणि लांब शेपटीचा खाटीक यांच्या घरट्यांतही तिची अंडी आढळली आहेत. साळुंकीची अंडी एकरंगी निळी असतात, तेथे नक्कल अजिबात जुळत नाही, तरीही ती स्वीकारली जातात. आपल्याकडे साळुंकी कोकिळेच्या पिल्लाला भरवताना कोणी पाहिली असेल तर छायाचित्र आणि तारखेसह येथे अवश्य नोंदवावे.

शमा

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. जूनमध्ये आमच्या वसाहतीत वादळी पावसानंतर कोकिळेचे पिल्लू खाली पडलेले सापडते, आणि उचलायला गेलेल्या माणसांवर कावळे झडप घालतात. अशा वेळी काय करावे? पिल्लू घरी आणून भरवले तर चालेल का?

आडवाट

घरी आणू नये. कावळे झडप घालत आहेत याचाच अर्थ पालक जवळ आहेत आणि त्या पिल्लावर त्यांचे लक्ष आहे. पिसे पूर्ण फुटलेली असतील आणि ते फांदी पकडू शकत असेल, तर स्वतःच्या डोक्यावर छत्री धरून त्याला त्याच झाडाच्या, मांजर-कुत्रे पोहोचणार नाहीत अशा फांदीवर ठेवावे आणि दूर व्हावे. पिसे फुटलेली नसतील आणि घरटे आवाक्यात असेल तर घरट्यात परत ठेवावे. घरटे उंच असेल, तर तळाला भोके पाडलेल्या टोपलीत सुकी काटकी-पाने घालून ती टोपली त्याच झाडाला बांधावी. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू सोडतात हा समज खरा नाही. पंख मोडला असेल किंवा रक्त येत असेल तरच वनविभागाला किंवा जवळच्या पक्षी-उपचार केंद्राला कळवावे, आणि तोपर्यंत चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.

मृण्मयी

आडवाट यांनी सांगितलेले सर्व योग्य आहे. आणखी एक विनंती, पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी आपल्या वसाहतीत कावळ्यांच्या विणीच्या ऐन काळात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत होते. घरटे असलेली झाडे आधी पाहून त्यांची यादी व्यवस्थापन समितीकडे द्यावी आणि धोकादायक फांद्या सोडल्यास त्या झाडांची छाटणी पिल्ले उडेपर्यंत पुढे ढकलण्यास सांगावे. आमच्या वसाहतीने हे मान्य केले आहे.